सोडून ठेवलेली वायर

बाकीचे सगळे बोल्ट गंजून एकजीव झाले होते आणि हा एकटाच पहिल्या झटक्यात फिरला. जोर लावायच्या तयारीत असल्यामुळे पाना सटकला, हात पत्र्यावर आपटला आणि बोटाचं साल निघालं. बोट तोंडात घालून तो तसाच उकिडवा बसला आणि त्या बोल्टकडे बघत राहिला. आदल्या दिवशी त्याने मशीनच्या सगळ्या बोल्टांवर रॉकेल सोडून ठेवलं होतं. बाकीच्यांनी ते पिऊनही दाद दिली नव्हती. हा मात्र जनरेटरच्या टोकाचं तळहाताएवढं झाकण धरून बसलेला बोल्ट, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांना ग्रीस होतं. वाळून काळपट झालेलं, पण ग्रीसच. कोणीतरी हा बोल्ट काढला होता, पुसला होता, आणि पुन्हा काढावा लागेल या हिशेबाने ग्रीस लावून बसवला होता. आणि धाकटा भाऊ तर म्हणत होता की या मशीनला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही. एकदा नाही, विचारलं तेव्हा तेव्हा म्हणाला होता. एवढं ठासून सांगण्यासारखं त्यात काय होतं, हे आत्ता त्याच्या डोक्यात आलं.

मशीन बाबांचं. एका टोकाला डिझेल इंजिन, दुसऱ्या टोकाला जनरेटर, खाली दोन चाकांचा गाडा. वीज नसेल तिथे ओढून न्यायचं, हँडल मारायचं आणि वेल्डिंगला लागायचं. त्याच्या लहानपणी पुलाच्या कठड्यापासून टाकीच्या शिडीपर्यंत सगळी कामं या मशीनवर झाली होती. मग घरोघर वीज आली, हलकी मशीनं आली, आणि हे धूड, धाकट्याच्या म्हणण्याप्रमाणे, तेव्हाच वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेलं. तो स्वतः त्याआधीच दुसऱ्या गावी कंपनीत लागला होता. तिथे सुपरवायझर झाला, आणि एक दिवस कंपनीने सगळ्याच सुपरवायझरांना घरी बसवलं. त्याच सुमारास बाबा गेले. तो आला तो परत गेलाच नाही. दोघा भावांनी मिळून वर्कशॉप चालवायचं ठरलं. ठरलं म्हणजे धाकटाच म्हणाला, ‘दादा, इथंच ये. दोघं करू.’ तेव्हा त्याला भरून आलं होतं. आता त्याच वाक्याकडे तो तिरक्या नजरेने बघू लागला होता. दोघं करू म्हणजे कोण काय करणार? इथल्या प्रत्येक वस्तूला धाकट्याच्या हाताची सवय होती. वेल्डिंगच्या रॉडचा डबा डावीकडे, कारण धाकट्याला तो डावीकडे लागतो. गिऱ्हाईक आत आलं की याच्या खांद्यावरून पलीकडे बघून ‘आहेत का ते?’ विचारायचं. या सगळ्यात ताडपत्रीखालचं ते धूडच काय ते कोणाचं नव्हतं. म्हणून तर तो त्याच्या मागे लागला होता. हे मशीन आपण उभं करायचं, आणि मग या वर्कशॉपमध्ये आपणही कोणीतरी असू, असा त्याचा साधा हिशेब होता.

‘कशाला त्याच्या मागे लागतोस, दादा?’ धाकटा पहिल्याच दिवशी म्हणाला होता. ‘भंगारवाला केव्हापासून विचारतोय. देऊन टाकू. जागा तरी होईल.’ बाबांचं मशीन भंगारात द्यायला निघालेला हा मनुष्य बाबांचा डबा, बाबांचा चष्मा, बाबांची तुटकी खुर्ची जपून ठेवतो, हे तेव्हा खटकायला हवं होतं.

त्याने झाकण बाजूला केलं आणि टॉर्च आत धरला. आत धूळ होती, पण जितकी असायला हवी तितकी नव्हती. वीज उचलणारे कार्बनचे तुकडे जागेवर होते, चांगले होते. मग टॉर्चचा उजेड एका वायरवर पडला. फील्डची वायर. जनरेटरला पहिलं बळ देणारी हीच. ही सुटली की इंजिन कितीही भुंकलं तरी रॉड धरायच्या होल्डरपर्यंत काही पोचत नाही. ती तिच्या स्क्रूवरून सोडलेली होती. तुटलेली नाही, जळलेली नाही, व्यवस्थित सोडलेली. टोकाला काळी टेप गुंडाळून ती आतल्या खोबणीत खोचून ठेवली होती, वरवर बघणाऱ्याला दिसू नये अशी. आणि टेपचं शेवटचं टोक स्वतःवर दुमडलेलं होतं, उघडताना नखाला सापडावं म्हणून. सगळ्या जगात टेपचं टोक असं दुमडणारा एकच माणूस त्याला माहीत होता. लहानपणी पतंगाच्या काडीला टेप लावतानासुद्धा धाकटा असाच टोक दुमडायचा, आणि घाईत असलेला हा त्याच्यावर खेकसायचा. राग यायला अवकाश होता. आधी आली ती भीती.

‘कुठवर आलं?’ मागून आवाज आला. धाकटा चहाचे दोन ग्लास घेऊन उभा होता. केव्हा आला कोण जाणे.

‘बोल्ट गंजलेत सगळे,’ तो म्हणाला. जनरेटरचं उघडं तोंड त्याने पाठीने झाकलं होतं. आपण खोटं बोललो हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचाही राग त्याने धाकट्याच्याच खात्यात टाकला.

‘सगळे?’ धाकट्याने विचारलं.

‘सगळे.’

धाकट्याने ग्लास त्याच्या शेजारी ठेवला, क्षणभर थांबला आणि पुढे निघून गेला. ‘सगळे?’ असं का विचारलं त्याने? एखादा गंजलेला नाही हे ज्याला माहीत आहे तोच असं विचारेल. की बोलायचं म्हणून बोलला? चहा गार होईपर्यंत तो त्या एका शब्दाला उलटापालटा करत बसला.

संशयाचं हे एक असतं, त्याला कामाला माणसं लागत नाहीत, तो आपला आपण राबतो. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पंक्चरवाल्याकडे तो हवा भरायला गेला. पंक्चरवाला गप्पिष्ट, तोंडात सदानकदा व्हॉल्व्हची टोपी धरून बोलणारा. ‘काय, धूड उघडलंत म्हणे! बरं केलंत. मलाही चुकल्यासारखं होतं हो. रोज दुपारी तुमच्या मागनं तो आवाज यायचा, धकधक धकधक. त्यावर आमची झोप लागायची.’

‘कधी?’ त्याने विचारलं.

‘आता बघा, तुमचे वडील अंथरुणाला खिळायच्या आधीपर्यंत. दुपारी शटर अर्धं खाली आणि आत आवाज. मी म्हटलं, म्हातारा काय राबतोय या वयात! की राबवतायत?’ तो हसला. टोपी तोंडात होती म्हणून हसणं अर्धवटच बाहेर आलं.

राबवतायत. तो हवा न भरताच सायकल ढकलत परत आला. दुपारी, शटर अर्धं खाली, आणि बाबा आत. बाबांचा तळहात त्याला आठवला. शेवटच्या भेटीत त्याने हात हातात घेतला होता, तर तळव्याच्या मधोमध गुळगुळीत, गुलाबी, ओढल्यासारखी कातडी. भाजल्याची खूण. त्याने धाकट्याकडे बघितलं होतं आणि धाकटा चटकन म्हणाला होता, ‘गरम पाणी सांडलं.’ गरम पाणी तळहाताच्या मधोमध पट्टा काढत नाही. तो पट्टा लोखंडी पट्टीच्या रुंदीचा होता. वेल्डिंगवाल्याच्या मुलाला हे कळायला हवं होतं, आणि कळलंही असेल, पण खोलीत माणसं होती, बाबा डोळे मिटून होते, आणि त्याने तो हात चादरीखाली सारला होता. आता सगळं जुळत होतं. थकलेल्या म्हाताऱ्याला याने ऐन दुपारी कामाला जुंपलं. म्हाताऱ्याचा हात भाजला. मग मशीनची वायर सोडली, कित्येक वर्षं बंद आहे म्हणून सांगितलं, आणि आता भंगारवाल्याच्या गळ्यात मारून पुरावाच घालवायला निघाला.

‘तुमचं आपलं काहीतरीच,’ त्याची बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि घडी घालणं तिने थांबवलं नाही, याचाही त्याला राग आला. ‘भाऊजींनी बाबांना न्हाऊ घातलंय, भरवलंय. तुम्ही फोनवर बोलायचात.’

‘फोनवर बाबा म्हणायचे, मशीन फर्स्टक्लास चाललंय. हा म्हणतो बंद होतं. दोघांपैकी एक खोटं बोलत होता की नाही?’

‘मग विचारा की सरळ.’

‘सरळ विचारलं की तो सरळ सांगणार!’

‘तुम्ही विचारलंयत कुठे?’ ती म्हणाली आणि घड्या उचलून आत गेली.

त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं की एक तर बाबांना छळणाऱ्या माणसाबरोबर एका छपराखाली काम करावं लागलं असतं किंवा वर्कशॉप मोडावं लागलं असतं. या वयात दुसरीकडे जाण्यासारखी त्याला जागा नव्हती आणि भावाखेरीज जवळचं कोणी उरलं नव्हतं. एवढं सगळं त्या टेपच्या दुमडलेल्या टोकाला लटकलेलं होतं. म्हणून तो विचारण्याऐवजी पाळत ठेवू लागला. धाकटा मागच्या बाजूला गेला की हा पाणी प्यायच्या निमित्ताने मागे. धाकट्याने फोनवर आवाज हळू केला की हा हातातला ग्राइंडर बंद. एकदा धाकटा मशीनपाशी नुसता उभा दिसला, टाकीवर हात ठेवून. याला बघून त्याने हात काढून घेतला. बास, एवढंच झालं. पण त्या संध्याकाळी घरी जाताना हा बाजारात वळला आणि शटरसाठी नवं कुलूप घेतलं. आपल्या गैरहजेरीत त्याने पुन्हा आत काही केलं तर? जुन्या कुलपाच्या किल्ल्या दोघांकडे होत्या. नव्याच्या दोन्ही किल्ल्या याच्या खिशात गेल्या. ‘जुनं अडकत होतं रे,’ असं वाक्यही त्याने तयार करून ठेवलं. परत येऊन कुलूप बदलताना मात्र त्याने आधी आजूबाजूला बघून घेतलं, आपल्याच बापाच्या दाराला कुलूप लावताना.

सकाळी तो लवकर येऊन आत बसला होता, शटर खाली ओढून. वायर त्याने जोडली होती. टेप सोडून जपून बाजूला ठेवली होती. डिझेल भरलं, ऑइल बघितलं, होल्डरला रॉड लावला. त्याचा बेत साधा होता. धाकट्यासमोर इंजिन चालू करायचं, रॉड टेकवायचा आणि त्याचं तोंड बघायचं. आर्क, रॉडच्या टोकाची ती लखलखती ज्योत, पेटणार नाही अशी त्याची खात्री असेल. पेटल्यावर तोंड कसं होतं ते बघायचं. मग शटरपाशी खुडबुड झाली. त्याला आठवलं, आतून कडी लावताना बाहेरचं कुलूप आपण कोयंड्यातच अडकवून ठेवलंय. किल्ली आत गेल्याचा आवाज आला, फिरेना म्हणून पुन्हा काढल्याचा, पुसून पुन्हा घातल्याचा. इतकी वर्षं रोज सकाळी हे शटर उघडणारा माणूस किल्ली उलटी घालून बघतोय, सुलटी घालून बघतोय, हे त्याला आत बसून ऐकू येत होतं आणि त्याला हलता येत नव्हतं. मग शटरवर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक झाली. गिऱ्हाईक करतं तशी.

त्याने शटर वर केलं. तयार वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. धाकट्याने नव्या कुलपाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, हातातली किल्ली खिशात टाकली आणि आत आला.

‘चालू करतोय,’ हा म्हणाला.

‘कर.’

हँडलला ते इंजिन अडून बसलं, फुरफुरलं, पांढरा धूर ओकलं आणि एकदम धरलं. पत्रे थरथरू लागले. क्षणभर तो सगळं विसरला. हे त्याने चालू केलं होतं, याच हातांनी, आणि लहानपणी दुरून ओळखायचा तोच आवाज होता. मग त्याने होल्डर उचलला आणि धाकट्याच्या तोंडावर नजर ठेवून रॉड लोखंडी पट्टीवर घासला. काही नाही. पुन्हा घासला. ठिणगीसुद्धा नाही. काडी दगडावर घासावी तसा नुसता रॉड घासला जात होता आणि इंजिन आपल्याच सुरात चाललं होतं. धाकट्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. होता तो थकवा.

‘अजून काय काय काढून ठेवलंयस आत?’ तो ओरडला. ‘वायर मी जोडली. आता अजून काय? बोल ना! बाबांचा हात भाजलास, मशीनची जीभ कापलीस, आणि मला सांगतोस गरम पाणी!’

धाकट्याने जाऊन इंजिन बंद केलं.

‘जनरेटरचं चुंबक उतरलंय, दादा,’ धाकटा म्हणाला. ‘इतके दिवस पडून राहिलं की उतरतं. बॅटरीचा झटका द्यायला लागतो. तुलाही माहितेय.’

माहीत होतं. बाबांनी दोघांना एकदमच दाखवलं होतं, एकाने इंजिन रेस करायचं, दुसऱ्याने बॅटरीच्या वायरी टेकवायच्या. एरवी हे त्याला सगळ्यात आधी आठवलं असतं. पण चोर हाताशी असताना चुंबक कोणाला आठवतं?

‘वायर मीच सोडली होती,’ धाकटा रिकाम्या डब्यावर बसत म्हणाला. ‘बाबांचा हात थरथरायला लागला होता. त्याआधी थोडं विसरायला लागले होते. एकदा वेल्ड झाल्या झाल्या लालबुंद पट्टी उघड्या हातानं उचलली. बघायला, सरळ आहे का. मी इथंच होतो, पोचेपर्यंत... मग मी मशीन बंद करून टाकलं, म्हटलं बिघडलंय. तर जेवेनात. येऊन नुसते मशीनपाशी बसायचे. मग मी वायर सोडली आणि म्हटलं, बाबा, झालं दुरुस्त.’

त्याने हातातला होल्डर खाली ठेवला.

‘दुपारी गिऱ्हाईक नसतं. शटर अर्धं खाली घ्यायचो. मी हँडल मारायचो. ते मास्क खाली ओढायचे आणि रॉड फिरवायचे सांध्यावरून, हळूहळू, पूर्वी करायचे तसं. मग मी म्हणायचो, मस्त झालं. त्यांना चहाला पाठवून तो सांधा मी दुसऱ्या मशीनवर मारायचो.’

‘आणि त्यांना कळलं नाही?’ त्याला स्वतःचा आवाज उलटतपासणी घेतल्यासारखा वाटला. ‘आर्क पेटली की इंजिन कण्हतं. तो आवाज बाबांना कळत नव्हता?’

‘तेच तर.’ धाकट्याने मान खाली घातली. ‘मास्कच्या काचेतून आर्कशिवाय काही दिसत नाही, दादा. मिट्ट काळोख. ते त्या काळोखात बसून हात फिरवायचे. कळत नसेल कसं? ते कधी बोलले नाहीत. मी कधी विचारलं नाही. मला वाटतं ते माझ्यासाठी करत होते.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘त्यांनी शपथ घातली होती. थोरल्याला माझ्या हाताचं कळता कामा नये. कळलं तर तो येऊन मला घेऊन जाईल आणि त्याच्याकडे गॅलरीत बसून मी मरेन, म्हणाले. गेल्यावर तरी सांगणार होतो. पण तू मशीन उघडायला निघालास आणि... वायर दिसली की तुला वाटेल त्यांना फसवत होतो. म्हटलं भंगारात गेलेलं बरं.’

नेलं असतं. त्याने खरंच नेलं असतं, बोललाही होता तसं फोनवर. आणि तेवढ्यातही त्याच्या मनाचा एक कोपरा या हकिगतीला भोक शोधत होता. टेप, ग्रीस, तळहात, पंक्चरवाला, एकेक तपासून बघत होता. सगळं नीट बसत होतं. तपासणं मात्र थांबत नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली.

बॅटरी त्यांनी धाकट्याच्या गाडीतली काढली. धाकटा इंजिनपाशी, हा वायरी घेऊन. ‘रेस कर,’ हा म्हणाला. वायरी टेकवल्या, चट्कन ठिणगी उडाली, काढून घेतल्या. मग मास्क ओढून त्याने रॉड टेकवला. काळोखात हिरवट उजेड फुटला आणि त्याच क्षणी मागे इंजिन वाकलं, कण्हलं, पुन्हा सावरून जड आवाजात चालू लागलं. पट्टीवर रेघ सरकू लागली, सरळ, एकसारखी. रॉड संपेपर्यंत तो थांबला नाही. मास्क वर केला तेव्हा धाकटा डोळे पुसत होता आणि ते लपवतही नव्हता. ‘चाललं, दादा,’ तो म्हणाला. दोघंही हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे ते जरा लांबलं.

हीच वेळ, असं त्याला वाटलं. त्याने खिशातून नव्या कुलपाची दुसरी किल्ली काढली आणि पुढे केली. ‘ही तुझी. जुनं अडकत होतं रे.’

धाकटा किल्लीकडे बघत राहिला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर काहीतरी बोलता आलं असतं.

‘राहू दे तुझ्याजवळच,’ तो म्हणाला. ‘मी येत जाईन तू उघडल्यावर.’

‘अरे, तसं नाही रे...’

‘तसंच बरं, दादा. नंतर काही इकडचं तिकडं झालं तर प्रश्न नको.’ आणि चिपिंगची हातोडी उचलून तो पट्टीवरच्या नव्या रेघेवरची खपली काढायला बसला.

दुसऱ्या दिवशी हा मुद्दाम उशिरा गेला. धाकटा समोर पंक्चरवाल्याच्या बाकावर बसला होता, चहा संपवून, रिकामा ग्लास हातात धरून. याने कुलूप काढलं, शटर वर केलं, आत जाऊन दिवा लावला आणि मागे वळून बघितलं. धाकटा तिथेच बसून होता. शेवटी याने बाहेर येऊन हाक मारली, तेव्हा तो उठला.